टेबलावरची पऱ्हाटी

अमेरिकेतील मध्यमवर्गीय घरांत गेली दहा-बारा वर्षे जेवणाचे टेबल सजविण्याची एक विशिष्ट तऱ्हा रूढ झाली आहे. तिला तिकडे 'फार्महाऊस' शैली म्हणतात. आपण शेतघराची शैली म्हणू. टेबलाच्या लांबीभर गोणपाटाची पट्टी अंथरायची. तिच्यावर मधोमध कणीक मळण्याची लांबट लाकडी काथवट ठेवायची आणि तीत मेणबत्त्या किंवा सुकी फुले मांडायची. शेजारी जस्ताची जुनी बादली, झाकणाच्या काचबरण्या, एखादा कंदील, रंग खरवडून जुने केलेले फळकूट. आणि या सगळ्याच्या वर, उंच बरणीत, बोंडे फुटलेली कापसाची पऱ्हाटी. या मांडणीला 'सेंटरपीस' असे नाव आहे. ती बसणाऱ्याच्या नजरेच्या खाली असावी, म्हणजे समोरासमोरच्या पाहुण्यांना एकमेकांचे चेहरे दिसतात, असा या कलेचा पहिला नियम सांगतात.

परिवर्तनवादी चळवळीतल्या वाचकाला प्रश्न पडेल की कुणाच्या तरी टेबलावरच्या बादलीशी आपले काय देणेघेणे आहे? एक उत्तर साधे आहे. पऱ्हाटी आमच्याकडे चुलीत जाते. विदर्भ-मराठवाड्यातल्या ज्या बाईने कापूस वेचला आहे तिला फुटलेल्या बोंडाची वाळलेली टोके बोटांत कशी रुततात हे सांगावे लागत नाही. तीच पऱ्हाटी दुकानात विकत मिळते आणि पांढऱ्याशुभ्र घराच्या मध्यभागी 'साधेपणा'ची खूण म्हणून उभी राहते, तेव्हा श्रमाचे सौंदर्यात रूपांतर होताना नेमके काय गाळले जाते, हे तपासण्याची संधी मिळते. दलित साहित्याच्या समीक्षेत हा प्रश्न आपल्याला रोज भेटतो. म्हणून हा विषय परका नाही.

श्रीमंतांना गरिबाच्या घराची हौस नवी नाही. फ्रान्सची राणी मारी आंत्वानेत हिने १७८३ पासून व्हर्सायच्या बागेत एक लुटुपुटीचे खेडे बांधवून घेतले. नव्या भिंती जुन्या दिसाव्यात म्हणून त्यांच्यावर तडे रंगवून घेतले होते. अमेरिकेत १८६४ साली, यादवी युद्ध चालू असताना, ब्रुकलिनच्या जत्रेत 'न्यू इंग्लंडचे स्वयंपाकघर' मांडले गेले, आणि १८७६ च्या फिलाडेल्फिया प्रदर्शनात पुन्हा तसेच एक उभे राहिले. कारखाने वाढत होते, शहरात परदेशी मजूर येत होते, गुलामगिरीवरून देश फाटला होता. अशा वेळी पूर्वजांची चूल, चरखा आणि लाकडी भांडी काढून दाखविणे हे निव्वळ हौसेचे काम नव्हते. 'आम्ही मूळचे असे साधे, कष्टाळू, स्वच्छ' हे स्वतःला पटवून देण्याची ती सोय होती.

आता टेबलावरच्या वस्तू एकेक करून पाहू. काचबरणीचे पेटंट जॉन मेसन या कारागिराने ३० नोव्हेंबर १८५८ रोजी घेतले. फिरकीचे झाकण असल्याने उन्हाळ्यातली भाजी-फळे हिवाळ्यासाठी टिकवून ठेवता येऊ लागली. ती बेगमीची बरणी. गोणपाट तर आपल्याच देशातून गेले. बंगालच्या तागाचे, कलकत्त्याच्या गिरण्यांतले. अमेरिका हे त्या मालाचे मोठे गिऱ्हाईक होते. त्या गिरण्यांत खपलेल्या मजुरांचा इतिहास वेगळा लिहावा लागेल, इथे नुसती नोंद करून पुढे जातो.

काथवटीपाशी मात्र थांबले पाहिजे. गुलामीतून निसटून पुढे मोठा वक्ता आणि लेखक झालेला फ्रेडरिक डग्लस याने १८४५ साली आपले आत्मकथन प्रसिद्ध केले. मेरीलँडच्या मळ्यावर गुलामांच्या लहान पोरांना जेवू कसे घालत याचे वर्णन त्यात आहे. मक्याच्या पिठाची घाट शिजवून ती मोठ्या लाकडी काथवटीत ओतायची, काथवट जमिनीवर ठेवायची आणि डुकरांना हाक मारावी तशी पोरांना हाक मारायची. कुणी शिंपल्याने, कुणी लाकडाच्या ढलपीने, कुणी नुसत्या हातांनी ती ओरपत. जो भरभर खाईल त्याला जास्त. लाकूड तेच, आकार जवळपास तोच. आज त्यात सुवासिक मेणबत्त्या ठेवतात. ज्याने डग्लस वाचला आहे त्याला त्या टेबलावर शांतपणे घास गिळता येईल असे मला वाटत नाही. पण ते टेबल मांडणाऱ्याने तो वाचलेला नसतो, आणि ही शैली टिकायला त्याचे ते न वाचणे आवश्यकच असते.

आणि पऱ्हाटी. एली व्हिटनीने १७९३ साली सरकी काढण्याचे यंत्र केले. यंत्राने श्रम कमी होतात असे आपण शिकतो. इथे उलटे झाले. सरकी काढणे सोपे झाल्याने कापूस लावणे प्रचंड फायद्याचे झाले आणि वेचायला माणसे हवी झाली. १७९० च्या गणनेत अमेरिकेत सुमारे ७ लाख गुलाम होते, १८६० मध्ये ३९ लाख ५३ हजार. युद्धात तो कापूस अडकला तेव्हा मुंबईच्या कापूस-दलालांची चांदी झाली आणि १८६५ मध्ये युद्ध संपताच त्यांचे दिवाळे निघाले, हे मुंबईच्या इतिहासात येते. पण त्या युद्धाचा दुसरा अर्थ पुण्यात बसून जोतीरावांनी लावला. १८७३ च्या 'गुलामगिरी'ची अर्पणपत्रिका त्यांनी गुलामांना मुक्त करणाऱ्या अमेरिकेतील सदाचारी लोकांना वाहिली. मुंबईच्या शेठजींना तिथला कापूस दिसला, जोतीरावांना तिथला माणूस.

सप्टेंबर २०१७ मध्ये टेनेसी राज्यातील नॅशव्हिल येथे लिप्सकम नावाच्या खाजगी ख्रिस्ती विद्यापीठाच्या अध्यक्षांनी काळ्या विद्यार्थ्यांना आपल्या घरी जेवायला बोलावले. पदार्थही 'त्यांचे' समजले जाणारे केले होते. आणि टेबलांच्या मधोमध सजावट होती कापसाच्या पऱ्हाटीची. विद्यार्थ्यांनी विचारले, हे इथे का? शरद ऋतूची शोभा म्हणून, अशा अर्थाचे उत्तर मिळाले. एका विद्यार्थिनीने छायाचित्रासह हे जगापुढे मांडले आणि अध्यक्षांना जाहीर माफी मागावी लागली. त्याच महिन्यात टेक्सासमधल्या एका बाईने सजावटीच्या वस्तू विकणाऱ्या एका मोठ्या दुकानाला, तुमच्या बरणीतली ही पऱ्हाटी काढा, असे जाहीरपणे सुनावले आणि तिच्यावर हजारो लोक तुटून पडले. बहुतेकांचा युक्तिवाद एकच होता: मग तुम्ही सुती कपडे घालायचे सोडणार काय?

हा युक्तिवाद आपल्या ओळखीचा आहे. 'मग तुम्ही राखीव जागेवरची नोकरी सोडणार काय' या जातीचाच तो. त्याला उत्तर देणे कठीण नाही. सदरा अंगात घालण्यासाठी असतो. त्याचे काम अंग झाकणे, आणि ते काम तो करतो. पऱ्हाटी बरणीत काहीच करत नाही. ती फक्त काहीतरी सांगते. ती काय सांगते आणि कुणाला सांगते, एवढाच प्रश्न आहे. ज्यांचे पणजोबा या रोपापुढे वाकले होते त्यांना जेवायला बोलावून तेच रोप त्यांच्या ताटापुढे ठेवले, तर ते 'ऋतू' सांगत नाही. यजमानाचा हेतू वाईट नव्हता हे मला मान्य आहे. पण ज्याला हेतूसुद्धा असावा लागत नाही, इतका तो इतिहास त्याच्या घरात मुरलेला आहे. अपमान करणाराच्या मनात अपमान नसतो, हा अनुभव आपल्यापैकी कुणाला नाही?

या शैलीला घराघरांत पोचविण्याचे मोठे श्रेय २०१३ ते २०१८ या काळात दूरदर्शनवर गाजलेल्या 'फिक्सर अप्पर' या कार्यक्रमाला आणि तो करणाऱ्या गेन्स दांपत्याला दिले जाते. त्यांचे गाव टेक्सासमधले वेको. त्यांनी २०१५ साली तिथे जे प्रचंड दुकान उघडले ते सरकीचे तेल काढणाऱ्या एका जुन्या कंपनीच्या कोठारांच्या आवारात. वेको हे एके काळी कापसाचे मोठे ठाणे. याच वेकोत १५ मे १९१६ रोजी जेसी वॉशिंग्टन या सतरा वर्षांच्या काळ्या शेतमजुराला, खटला संपताच न्यायालयातून ओढून, नगरभवनासमोर हजारो लोकांच्या देखत जिवंत जाळले. डुबॉइस यांनी आपल्या 'क्रायसिस' मासिकातून ती हकिकत छायाचित्रांसह देशापुढे ठेवली. हेच ते डुबॉइस, ज्यांना बाबासाहेबांनी १९४६ साली पत्र लिहिले होते. त्या दुकानदार दांपत्याला या पापाचे धनी ठरविण्याचा माझा इरादा नाही, तसे करणे अन्यायाचे होईल. मला एवढेच म्हणायचे आहे की 'शेतघर' या शब्दातून शेत वगळले, शेतावरचा मजूर वगळला, म्हणजे मगच तो शब्द इतका गोड लागतो.

शेतघर तरी कुणाचे? जानेवारी १८६५ मध्ये जनरल शर्मनच्या हुकमाने दक्षिणेच्या किनारपट्टीवर मुक्त गुलामांच्या प्रत्येक कुटुंबाला चाळीस एकरांपर्यंत जमीन देऊ केली गेली, आणि त्याच वर्षी अध्यक्ष जॉन्सनने ती जुन्या मालकांना परत केली. तरीही पुढच्या दोन पिढ्यांनी पैसापैसा जमवून जमिनी घेतल्या, खंडाने कसल्या. १९२० मध्ये अमेरिकेत सुमारे ९ लाख २५ हजार काळे शेतकरी होते. २०१७ च्या शेतीगणनेत, मोजणीची रीत बदलली हे धरूनही, हा आकडा पन्नास हजारांच्या आत आहे. कर्जे नाकारली गेली, कागदपत्रांच्या घोळात जमिनी लिलावात गेल्या, दहशतीने माणसे उत्तरेला पळाली. सरकारी शेतीखात्याने कर्जवाटपात भेदभाव केल्याचा दावा १९९९ साली भरपाई देऊन मिटविण्यात आला. ज्यांचे शेत गेले आणि घरही गेले, त्यांच्या काथवटी जुन्या बाजारात आल्या असतील. काहींच्या अजून येत असतील.

इथपर्यंतचे माझे म्हणणे सोपे होते. दुसऱ्याच्या, गोऱ्या माणसाच्या टेबलावर बोट ठेवणे सोपेच असते. अवघड प्रश्न ॲलिस वॉकर या लेखिकेने १९७३ साली, 'गुलामगिरी'नंतर बरोबर शंभर वर्षांनी, एका कथेत विचारून ठेवला आहे. कथेचे नाव 'एव्हरीडे यूज', म्हणजे रोजचा वापर. वॉकर स्वतः जॉर्जिया राज्यातल्या बटाईने शेती करणाऱ्या कुटुंबातली. मी महाविद्यालयात ही कथा अनेक वर्षे शिकविली आहे आणि दर वर्षी ती मला वेगळ्या जागी अडविते.

कथा सांगते ती आई. अंगापिंडाने दणकट, पुरुषासारखी राबणारी, डुक्कर मारून साफ करणारी. शिक्षण दुसरीपर्यंत. १९२७ साली शाळाच बंद झाली, आणि त्या काळी काळी माणसे कारण विचारत नसत, असे ती सहज सांगून जाते. (त्याच १९२७ साली आपल्याकडे महाडला माणसे तळ्यावर गेली. हा योगायोग मी वर्गात नेहमी सांगतो.) तिला दोन मुली. धाकटी मॅगी, घराला लागलेल्या आगीत भाजलेली, बुजरी. थोरली डी, देखणी, हुशार. आईने आणि चर्चने वर्गणी करून शहरात शिकविलेली. ती डी आता नाव बदलून आली आहे. वांगेरो हे तिचे नवे, आफ्रिकी नाव. ज्यांनी आपल्याला दडपले त्यांच्या नावाने जगणे मला सोसत नाही, असे ती सांगते. जे घर तिला कधी आवडले नव्हते त्याचे ती फोटो काढते, आणि प्रत्येक फोटोत घर आले पाहिजे याची काळजी घेते. डुकराची आतडी, पालेभाजी, मक्याची भाकर चवीने खाते. खुर्च्या घ्यायला पैसे नव्हते म्हणून बापाने केलेल्या बाकांवरून कौतुकाने हात फिरविते. मग तिची नजर जाते लोणी काढण्याच्या लाकडी पिंपाकडे. त्याचे झाकण तिला हवे आहे. कशासाठी? टेबलावर सेंटरपीस म्हणून. आणि रवीही हवी; तिचेही काहीतरी कलात्मक करीन, म्हणते. आपली रवी दोरीने फिरवितात, तिकडची वरखाली हाणतात, काम तेच.

त्या पिंपात त्या वेळी दूध आहे, विरजलेले. लेखिकेने हा तपशील एका ओळीत टाकला आहे आणि माझ्या मते कथेचे सगळे वजन तिथे आहे. वस्तू अडगळीत पडलेली नाही. तिचे काम चालू आहे. आणि ही रवी कुणी तासली हे डीला ठाऊक नाही. ते सांगते मॅगी, मान खाली घालून. मावशीच्या पहिल्या नवऱ्याने तासली, त्याला स्टॅश म्हणत. डी यावर हसून मॅगीच्या स्मरणशक्तीला हत्तीची उपमा देते. आई ती रवी क्षणभर हातात घेते आणि दांड्यावर अंगठ्यांनी, बोटांनी दाबून दाबून पडलेले खळगे बघते.

या खळग्यांची आता कारखान्यात नक्कल होते. नव्या काथवटीला यंत्राने ओरखडे पाडतात, कडा झिजवितात, रंग देऊन तो खरवडतात, आणि तिला जास्त दाम येतो. हाताची खूण आहे पण तो हात कुणाचाच नाही. स्टॅश नाही, मावशी नाही. झीज विकत मिळते, झिजलेला माणूस मिळत नाही.

माझे बहुतेक विद्यार्थी परीक्षेत लिहितात की डी ढोंगी आहे, वारशाचा दिखावा करते, आई आणि मॅगी खऱ्या. मार्गदर्शकांतही असेच छापलेले असते. मला हे पटत नाही, आणि आपल्या विद्यार्थ्यांनी तरी ते इतक्या सहज लिहू नये. नाव बदलणाऱ्या माणसावर हसण्याचा अधिकार सवर्ण वाचकाला असेल तर असो. आपण नावे बदललेले लोक आहोत. १९५६ साली आपल्या आईबापांनी देव्हाऱ्यातले देव काढून टाकले, महारकीची कामे टाकली, वेसकराची घुंगुरकाठी टाकली. त्या घराची, त्या वस्तूंची लाज वाटणे हा त्या वेळी क्रांतीचाच भाग होता. डीलाही ते घर नकोसे होते, आणि त्यात तिचे काय चुकले? शिकायला निघाली तेव्हा आईने देऊ केलेली गोधडी तिने 'जुनाट' म्हणून नाकारली होती. तीही स्वाभिमानाची एक पायरी होती. खेड्याचे गोडवे गाणाऱ्यांना बाबासाहेबांनी ४ नोव्हेंबर १९४८ रोजी घटना समितीत जे सुनावले, ते ऐकल्यानंतर गावाच्या आठवणीने गहिवरणे आपल्याला जमू नये हे स्वाभाविक आहे. साठच्या दशकातील काळ्या तरुणांनी 'काळे ते सुंदर' म्हणत मागे वळून पाहिले, त्यांच्या पँथरवरून १९७२ मध्ये इथल्या तरुणांनी नाव घेतले. डी ही त्याच पिढीची. तिला वारसा हवा आहे ही चांगली गोष्ट आहे. तो तिला कुणाच्या हातून काढून घ्यावासा वाटतो, हा दोष आहे. आणि ज्यांचा तो आहे त्यांनाच जाताना ती सांगते की तुम्हाला तुमचा वारसा कळत नाही.

हा दोष आपल्या घरांतही शिरतो आहे, म्हणून एवढे लिहिले. माझ्या धाकट्या भावाने गावाकडच्या पडक्या घरातले जाते आणून दिवाणखान्यात ठेवले, वर पितळी घंगाळात पाणी आणि फुले. आई तेव्हा होती. तिने बघितले आणि म्हणाली, "हे आत नको रे. याच्यावर दुसऱ्याचं दळण दळलंय मी." भावाला वाटले ती जुन्या वळणाची आहे. मला वाटते, त्या दिवाणखान्यातली एकटी समीक्षक ती होती. तिने जाते वाईट म्हटले नाही, सुंदरही म्हटले नाही. त्याच्यावर कुणाचे दळण होते ते सांगितले.

आणि हाच निकष मला आपल्या साहित्याला लावावासा वाटतो. 'बलुतं' १९७८ मध्ये आले. त्यानंतर दलित आत्मकथनांचे प्रस्थापितांनी जे स्वागत केले त्यातली विशेषणे आठवून पाहावीत: अस्सल, रांगडे, रासवट, मातीच्या वासाचे. ही विशेषणे टीका म्हणून आली असती तर आपण उत्तर दिले असते. ती कौतुक म्हणून आली आणि आपण ती मिरविली. एखादे पुस्तक 'रांगडे' म्हणून मधोमध ठेवले की त्याच्याशी वाद घालावा लागत नाही. ते नजरेच्या खाली असते, वरून एकमेकांचे चेहरे बघत बोलणे चालू राहते. परिसंवादात आपल्या लेखकाला बोलावतात ते भूक, मेलेले ढोर, चान्या, शिवी यांच्या वर्णनासाठी. त्याने जमीनवाटपावर, भाषेवर, सौंदर्यशास्त्रावर बोलायला सुरुवात केली की सभेला घड्याळ दिसू लागते. यात आमच्यातले काही लेखकही सामील आहेत. मागणी ओळखून ते पऱ्हाटी पुरवितात. प्रत्येक पुस्तकात तीच भूक, त्याच क्रमाने, आता झिजेची नक्कल करावी तशी. ज्या पिढीने ती भोगली तिच्या लेखणीत खळगे होते. नोकरीत, सदनिकेत वाढलेल्या पिढीने आपल्या आजच्या जगण्याचे दुःख लिहावे. भाड्याचे घर नाकारले जाण्याचे, वसतिगृहातल्या कुजबुजीचे, मुलाखतीत आडनाव विचारले जाण्याचे. ते 'रांगडे' नाही, म्हणून त्याला टेबलावर जागा मिळणार नाही, हे मला ठाऊक आहे.

वॉकरच्या कथेत शेवटी भांडण होते ते गोधड्यांवरून. आजीने तुकडे जोडलेल्या, आई आणि मावशीने टाके घातलेल्या; एका तुकड्यात यादवी युद्धातल्या पणजोबाच्या गणवेशाची चिंधी. डीला त्या भिंतीवर टांगायच्या आहेत. मॅगी त्या वापरून फाडील, अशी तिची तक्रार आहे. मॅगी म्हणते, घेऊ दे तिला, मला आजी गोधडीशिवायही आठवते. तेव्हा आई उठते, डीच्या हातातून गोधड्या हिसकावते आणि मॅगीच्या मांडीवर टाकते. वर्गात चर्चा नेहमी याच प्रसंगापाशी थांबते, कारण तिथे आई जिंकते. पण पिंपाचे झाकण आणि रवी डी अगोदरच गुंडाळून घेते. त्याबद्दल आई एक शब्द बोलत नाही. विरजलेले दूध पिंपात तसेच आहे. दुसऱ्या दिवशी लोणी कशाने काढले, हे कथेत कुठे येत नाही.